पुंडलिकच्या घरच्या रिंगा

मासेमारीच्या घरात जन्माला येऊन ज्याला बोट लागते असा माणूस आमच्या चिंचणीत एकच आहे, आणि तो नेमका माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. बापाने पुंडलिकला पहिल्यांदा बोटीवर नेलं, तेव्हा खाडीच्या तोंडाशी पोचायच्या आत त्याने काठावरून मान बाहेर टाकली, ती बोट परत येईपर्यंत आत घेतली नाही. दुसऱ्यांदा नेलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बाप म्हणाला, "ह्याला शाळंत घाला." आमच्या आळीत ही शिक्षा होती. पोरं पुंडलिककडे अशा नजरेने बघायची, की जणू त्याला तुरुंगात धाडलंय.

थोरला नवशा मात्र बापाच्या वरताण निघाला. आज बोटीचा तांडेल, म्हणजे कप्तान, तोच. पुंडलिक शिकला, टायपिंग शिकला आणि बोईसरच्या एमआयडीसीत कपड्याचे रंग बनवणाऱ्या एका कंपनीत चिकटला. गोडाऊनमधून ड्रम किती गेले, कुठल्या ट्रकने गेले, हे लिहून ठेवणं त्याचं काम. पहिली पाळी करून तीनला घरी यायचा तो कधी कानाची पाळी निळी, कधी मानेचा घाम गुलाबी. त्याची आई जानूबाई अजून म्हणते, "माशाचा वास धुतला का जातो. ह्याचा निळा काय जात नाय."

दर्यावर जाता येत नाही, याबद्दल तो कधी बोलला नाही. मी टोचून बघितलं, तरी नाही. पण घरात फोन आला तेव्हा त्याच्या पोटात काय होतं ते मला कळलं.

त्या फोनचा अर्ज बापाने केला होता. बाप गेला, आणि मग फोन आला. आमच्या आळीतला तो एकुलता एक. आमच्या खाडीत गाळ भरल्यापासून मोठ्या बोटी सातपाटीला लागतात. बर्फ तिकडे, व्यापारी तिकडे. म्हणून आळीतल्या बायका पाट्या घेऊन टेम्पोने सातपाटीला जायच्या आणि धक्क्यावर बसायच्या. कधी बोट यायची, कधी यायचीच नाही, कधी यायची ती रिकामी. टेम्पोचं भाडं अंगावर आणि दिवस पाण्यात.

यावर पुंडलिकने तोडगा काढला. नवशाने सातपाटीच्या बूथवरून घरी फोन लावायचा आणि कोणी उचलायच्या आत ठेवून द्यायचा. उचललाच नाही तर मीटर पडत नाही. एक रिंग वाजून बंद झाली, तर बोट सुखरूप आली, पण माल नाही, येऊ नका. दोन वाजल्या, तर माल आहे, पाट्या घेऊन या. तीन वाजल्या, तर बोटीवर काहीतरी वाईट झालंय, माणसं पाठवा. आणि चौथी वाजली, तर तो खरा फोन, उचला. बूथवाला कुरकुर करायचा. नवशाने त्याला एकदा पापलेटची जोडी दिली, तेव्हापासून तोही रिंगा मोजायला लागला.

तुम्ही बघायला हवं होतं. फोन खणखणला की आळीत पाटे-वरवंटे थांबायचे. पुंडलिक ओट्यावर येऊन उभा राहायचा. एक रिंग, एक बोट वर. दुसरी, दुसरं बोट. मग कान लावून थांबायचा, आणि शांतता झाली की हात हलवायचा: "दोन! निघा!" बायका पाट्या डोक्यावर घेऊन पळायच्या. ज्याला बोटीने कधी पोटात ठेवून घेतलं नाही, तो असा जमिनीवर उभा राहून बोट धक्क्याला लावायचा. मी त्याला "जमिनीवरचा तांडेल" म्हणायचो. तो चिडायचा नाही, उलट छाती एक इंच पुढे यायची.

तीन रिंगा त्या सगळ्या वर्षांत एकदाही वाजल्या नव्हत्या.

आता मोडेमकडे येतो. चौऱ्याण्णव सालची गोष्ट. कंपनीने कारभार बडोद्याला हलवायचं ठरवलं. इथे नुसतं गोडाऊन राहणार. साहेब बडोद्याहून आले आणि पुंडलिकला म्हणाले, रोज गेलेल्या मालाचे आकडे त्याच दिवशी बडोद्याच्या कॉम्प्युटरवर चढले पाहिजेत. गोडाऊनला फोन नाही, मिळायला वर्षं लागतील. तुझ्या घरी फोन आहे ना? मग मशीन देतो, घरून रोज चार वाजता भर. महिनाअखेर मी स्वतः बघणार. जमलं तर तू इथे. नाही जमलं तर बिस्तरा घेऊन बडोद्याला ये, तिथे बसून भर.

घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा मी तिथेच होतो, वासाने गेलो होतो. नलू, म्हणजे त्याची बायको, बोंबलाचं कालवण करत होती. नलू बोईसरच्या बाजारात मासळी विकते, आणि तिचं गिऱ्हाईक तिच्या तोंडामुळे तुटतं की तिच्या तोंडामुळेच टिकतं, हे मला अजून कळलेलं नाही.

"बडोद्याला दर्या हाय का?" तिने विचारलं.

"नाय."

"मग तिकडची मानसं खातात काय?"

"डाळ," मी म्हटलं. "आणि डाळीत साखर."

नलूने झारा आपटला. "आमी नाय येनार."

पुंडलिक फोनकडे बघत होता. तो बडोद्याला गेला, तर इथे बोटं कोण वर करणार, हेच त्याच्या डोक्यात होतं; मी पैज लावून सांगतो.

कंपनीच्या टेम्पोतून दोन खोकी आली. एकात टर्मिनल, म्हणजे टीव्हीसारखा पडदा आणि त्याला टाइपरायटरची बटणं. दुसऱ्यात मोडेम: चपट्या डब्याएवढा, पुढे लाल दिव्यांची रांग. फोनची तार याच्यात घालायची, याची तार टर्मिनलमध्ये घालायची, की इथली अक्षरं बडोद्याला आणि तिथली इथे.

जानूबाईने पदराने पडदा पुसला. "ह्याच्यात शिनेमा दिसतो?"

"नाय, आये. नुसती अक्षरं."

"मग एवडा मोटा कशाला आनला?"

पहिल्या दिवशी आम्ही सगळे बघायला बसलो. पुंडलिकने अंगठ्याने बटण दाबलं, आज्ञा टाइप केली. मोडेमने फोन उचलला, क्षणभर थांबला, आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं: नो डायलटोन. म्हणजे फोनमध्ये सूरच नाही. पुंडलिकने रिसीव्हर उचलून कानाला लावला. सूर व्यवस्थित, गुरगुरणाऱ्या मांजरासारखा. त्याने तो माझ्या कानाला लावला, नलूच्या लावला, आईच्या लावला.

"हाय की," जानूबाई म्हणाली. "मशीन भयरा हाय."

मोडेम बहिरा नव्हता, परदेशी होता. त्याला त्याच्या देशातला सूर ओळखीचा, आपल्या एक्स्चेंजची गुरगुर त्याच्या खिजगणतीत नाही. खोक्यातली पुस्तिका उलटसुलट करून पुंडलिकला सापडलं की सुराची वाट न बघता सरळ नंबर फिरव, असं त्याला सांगता येतं. सांगितलं. तर तो नंबर पिंपिं-पिंपिं करत सुरांत फिरवायला लागला, आणि आमचं एक्स्चेंज जुनं, त्याला फक्त टकटक कळते. फोन ढिम्म. मग टकटकीची आज्ञा दिली, तेव्हा कुठे बडोदा लागलं. दोन्ही मशिनं एकमेकांना बघून अशी किंचाळली, की माझ्या घरातलं मांजर माळ्यावर गेलं ते जेवायच्या वेळेलाच उतरलं.

आणि पडद्यावर आलं काय? कचरा. कंस, चौकोन, टिंबं, उलटी अक्षरं, जणू उंदराने बटणांवर पळापळ केली. मग पुन्हा पुस्तिका. बडोद्याची मशीन एक अक्षर सात तुकड्यांत पाठवायची, वर एक तुकडा पडताळ्याचा. आमची आठच्या आठ तुकडे अक्षराचेच समजून वाचायची. ते जुळवलं, तर पुंडलिकने एक अक्षर दाबलं की पडद्यावर दोन उमटायला लागली. स्वतःचं नाव टाइप केलं ते दोनदोनदा, तोतऱ्या माणसाने हाक मारल्यासारखं. कारण तिकडची मशीन प्रत्येक अक्षर परत पाठवायची आणि इकडचीही तेच अक्षर दाखवायची. एकीला गप्प बसवावं लागलं. एक धागा सोडवला की दुसरी गाठ. जाळं निस्तरताना नवशा जेवढ्या शिव्या देत नाही, तेवढ्या हा शिकलेला माणूस पडद्याला देत होता, आणि तेही आईसमोर.

"पुंडल्या," मी खिडकीतून म्हणायचो, "आज काय बोलली बडोदेवाली?"

"जा ना रे बाबा, इश्राम. डोकं खाऊ नको."

मी आळीत पसरवलं की पुंडलिकने बडोद्याला दुसरं घर केलंय आणि रोज चार वाजता तिच्याशी शिट्टीने बोलतो. संध्याकाळी नलूने मला रस्त्यात गाठलं. "विश्रामभाऊ, ती माज्या घरची भांडी घासायला येनार असंल तर सांगा, मी सोडते नवऱ्याला." तिची मस्करी करायची सोय नाही.

अक्षरं जुळली, तरी आकडे चढेनात, आणि खरी फजिती इथून पुढे आहे. बडोद्याच्या मशीनला कोणावर विश्वास नव्हता. तुम्ही फोन लावला, नाव सांगितलं, परवलीचा शब्द सांगितला, तरी ती फोन ठेवून द्यायची आणि तिच्याकडे लिहिलेल्या नंबरावर स्वतः उलटा फोन करायची. म्हणजे भलताच कोणी आत शिरू नये. तो फोन मोडेमने आपोआप उचलायला हवा. किती रिंगांनंतर उचलायचा, याचा एक आकडा असतो. मोडेमच्या कारखान्यातून येताना तो शून्य होता. शून्य म्हणजे उचलायचाच नाही.

हे पुंडलिकला त्या दिवशी ठाऊक नव्हतं. त्याने बडोदा लावलं, शब्द दिला, बडोद्याने ठेवलं. तो पडद्याकडे डोळे लावून बसला. फोन वाजायला लागला. मोडेम ढिम्म. एक. दोन. तीन. आणि बंद.

समोरच्या ओट्यावर नवशाची बायको वत्सला कोळंबी सोलत होती. तिच्या मांडीवरची परात खाली पडली.

मी ते विसरणार नाही, कारण मी नेमका त्या वेळी काहीतरी चावट बोलायच्या बेतात होतो. वत्सला ओरडलीसुद्धा नाही. उठली आणि चालायला लागली, अनवाणी, हाताला कोळंबीची टरफलं तशीच. तिच्यामागे रत्नाबाई, तिचा नवरा त्याच बोटीवर. त्यांच्यामागे सगळी आळी. टेम्पो निघाला तेव्हा पुंडलिक वायरी ओढत बाहेर आला आणि ओरडत राहिला, "वयनी! अवो वयनी, ती बडोद्याची व्हती! वयनी!" टेम्पो नाक्यावरून वळला होता.

सातपाटीला बोट आलेलीच नव्हती. मग रिंगा कोणी दिल्या? बूथवाला म्हणाला, मी नाही. वत्सला धक्क्यावर उभी राहिली ती अंधार पडून नवशाची बोट खाडीत शिरेपर्यंत. नवशा उतरला, बायकोला बघून म्हणाला, "काय गो, आज पाटी नाय आनलीस?" तिने त्याला तिथेच, सगळ्या धक्क्यासमोर, चार शिव्या दिल्या आणि मग रडली.

परत आल्यावर ती पुंडलिकच्या दारात येऊन म्हणाली, "भावजी, त्या तीन रिंगा तुमीच बांधल्या व्हत्या ना? मग त्या भाड्यानं कुनाला दिल्या?" आणि गेली. पुढे कित्येक दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तिच्या घरचं कालवण भिंतीवरून यायचं, ते मला यायचं, त्याला नाही. मी त्याला वास तेवढा दिला.

पुंडलिकने मग आकडा एक केला. पहिल्याच रिंगला मोडेमने उचलायचं. चारला मशीन चालू, पाचला बंद. बाकीचा सगळा दिवस फोन आळीचा. त्या तासाभरात तू रिंग देऊ नकोस, असं त्याने नवशाला समजावलं. नवशा जाळं शिवत बसला होता, दातात दोरा.

"चार ते पाच नाय?"

"नाय."

"मग भरतीला सांग तसं. बोट पान्यावर आत येते, पुंडल्या. तुज्या सायबाच्या घड्याळावर नाय."

"मी काय करू मग? बडोद्याला जाऊ?"

नवशाने दोरा तोडला. "जाऊ नको," म्हणाला. एवढंच. पण तो कबूल झाला.

काही दिवस बरे गेले. भरती दुपारी व्हायची, नवशा आधीच रिंग देऊन मोकळा व्हायचा, चारला बडोदा. एकदा तर सगळे आकडे चढले. पुंडलिकने मला बोलावून दाखवलं. मी म्हटलं, "एवढं करून हेच ना, की आज अमुक ड्रम गेले? पोस्टकार्ड टाकलं असतं." तरी त्याने मला चहा पाजला. पण भरती रोज पाऊण तास पुढे सरकते. हे आमच्या आळीत रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक. साहेबाने परीक्षेचा दिवस सांगितला, तो पडला पंचमीला, आणि पंचमीची भरती म्हणजे चार. समुद्राशी सोयरीक सोडलेल्या पुंडलिकच्या हे ध्यानात आलं नाही, आणि आम्हा कोणालाही सांगायचं सुचलं नाही, कारण आम्हाला वाटत होतं त्याला ठाऊक असेलच. तांडेलाचा भाऊ ना तो.

परीक्षेच्या दिवशी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला. बडोद्याला दिसणार होता की काय कोण जाणे. चार वाजले. नंबर लावला, किंचाळ्या झाल्या, नाव दिलं, शब्द दिला, बडोद्याने ठेवलं. आता उलटा फोन. नलू दाराला टेकून, जानूबाई पाटावर, मी खिडकीत. फोन वाजला. पहिल्याच रिंगला मोडेमने झडप घातली, किंचाळला, पुन्हा किंचाळला, पण पलीकडून कोणी किंचाळेना. पडद्यावर आलं: नो कॅरिअर. म्हणजे पलीकडे मशीन नव्हती.

मशीन नव्हती, तर माणूस होता.

वत्सला दारात उभी. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा त्याच्याशी बोलली. "किती व्हत्या?"

"वयनी, एकच… मशीननं उचलला."

"म्हंजे किती द्यायच्या व्हत्या त्याला?"

एकही असू शकेल, दोनही, तीनही. मोडेमने पहिलीलाच गिळल्यावर पुढच्या कोणाला कळणार? तिकडे बडोदा फोन करायच्या तयारीत, साहेब खुर्चीत. पुंडलिकने एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा वहिनीकडे. मग खाली वाकला आणि मोडेमची तार फोनमधून उपटली.

"पुंडल्या, बडोदा!" मी ओरडलो. हो, मीच. मला वाटलं नव्हतं मी ओरडेन.

"वाजू दे," तो म्हणाला. "नवशा परत लावंल."

आम्ही सगळे फोनकडे बघत राहिलो. वाजला. पुंडलिकने सवयीने बोट वर केलं. एक. दुसरी वाजली, दुसरं बोट. तिसरी वाजली. तिसरं बोट वर गेलं. मग शांतता.

तीन. बडोद्याची मशीनही तीनच देऊन थांबते. तीन म्हणजे साहेब, आणि तीन म्हणजे नवशा. आवाज तोच, फोन तोच. एकाने लावलं असेल तर नोकरीचा प्रश्न, दुसऱ्याने लावलं असेल तर जिवाचा. आणि ते कळायला त्या खोलीत काही म्हणजे काही साधन नव्हतं.

"टेम्पो काढा," पुंडलिक म्हणाला, आणि चप्पल न घालता सगळ्यांच्या आधी जाऊन बसला. मी मागून चढलो. बोईसरच्या रेल्वे फाटकाला थांबलो. फाटकावर त्याला बसल्या जागी बोट लागली. बाहेर मान काढली आणि इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीला तोंड पुसून परत बसला. मी त्यावर काही बोललो नाही. माझ्या आयुष्यात असे प्रसंग थोडे.

सातपाटीला नवशा बूथवाल्याची गचांडी धरून उभा.

"एकच द्यायची व्हती, एकच!" आम्हाला बघून तो ओरडला. "आज भरतीच चारची, मग कदी देऊ? माल नाय, पन सगळे बरे हाय. तर ह्यो म्हनतो मीटर पडला, पैशे दे. आनि फोनात कायतरी डुक्कर कापत व्हते. पुंडल्या, तुज्या घरात काय चाल्लंय?"

वत्सलाने नवशाला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. रत्नाबाई हसायला लागली, ती थांबेचना. पुंडलिक मात्र तिथेच उभा. तीन रिंगा बडोद्याच्या होत्या. साहेबाने वाट बघितली होती आणि याने तार उपटली होती. त्याचा चेहरा असा झाला, की बूथवाल्यानेही मीटरची गोष्ट सोडून दिली.

मला वाटलं आता हा रडणार. तो बूथमध्ये शिरला, बडोद्याचा नंबर लावला, हाताने. दार उघडंच होतं, आणि उघडं दार मी कधी लोटत नाही.

"साहेब, पुंडलिक बोल रहा हूँ."

तिकडून काय आलं ते आम्हाला दोन पावलांवरून ऐकू येत होतं. कहाँ थे, टाइम की कदर नहीं, बिस्तरा बाँधो.

"साहेब, सुनो. सुनो साहेब!" त्याचा आवाज चढला. इतक्या वर्षांत त्या माणसाचा आवाज मी एवढा चढलेला ऐकला नव्हता. "आपका मशीन कितना रिंग देता है? तीन ना? हमारे गाँव में तीन रिंग का मतलब आदमी डूबा! हाँ, डूबा! मेरी भाभी धक्के पे खड़ी है अभी! आप तीन मत दो साहेब, पाँच दो, सात दो, दस दो, तीन मत दो!"

मग साहेब फोनवर हात ठेवून कोणाला तरी विचारत असल्याचं कळलं. तिकडचा माणूस हसत काहीतरी बोलला. साहेब परत आले. आवाज उतरलेला.

"अरे, वो तो एक नंबर बदलने का है. दो मिनट का काम. पहले क्यों नहीं बोला?"

पुंडलिकने रिसीव्हर कानापासून दूर धरला आणि त्याच्याकडे बघितलं. डायलटोन, टकटक, तुकडे, पडताळा, दोनदोन अक्षरं, वहिनीचं कालवण. सगळं एकीकडे आणि तिकडच्या माणसाचा एक आकडा एकीकडे. त्याचे ओठ हलले. काय म्हणाला ते मी ऐकलं, पण इथे लिहीत नाही.

"आठ रिंग कर देंगे. कल चार बजे," साहेब म्हणाले. "आखरी बार."

परत येताना त्याने टेम्पोतच हिशोब मांडला. बडोदा आता आठ रिंगा देणार. एक, दोन, तीन आळीच्या. चौथीला घरचा माणूस फोन उचलतो. म्हणजे मोडेमने पाचवीला उचलायचं, फक्त चार ते पाच या वेळात घरच्यांनी चौथीला उचलायचं नाही. नवशालाही आता वेळ पाळायची गरज नाही, कधीही रिंग दिली तरी मोडेम मध्ये येणार नाही. सगळं बसलं. मी म्हटलं, "जुळलं की! मग तोंड का पाडलंयस?"

"आये," तो म्हणाला.

आणि खरंच. चौथी रिंग वाजली आणि जानूबाई घरात आहे, तर तो फोन उचलल्याशिवाय राहणं म्हणजे उतू जाणारं दूध बघत बसणं. घरी येऊन त्याने समजावलं. तिने मान डोलावली. रंगीत तालीम म्हणून मी बाजारातल्या बूथवरून फोन लावला. चौथ्या रिंगला खटकन आवाज आला, "कोन हाय?"

"आये!" मागून पुंडलिकचा आवाज.

"अरे, वाजला ना!"

पुन्हा लावला. पुन्हा "कोन हाय?" तिथल्या बूथवाल्याने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच तो बुडालेला माणूस.

दुसऱ्या दिवशी चार वाजता जानूबाई पाटावर बसली, दोन्ही हात मांडीखाली. शेजारी नलू, सासूच्या खांद्यावर हात, लाडाने नव्हे, बंदोबस्ताला. वत्सला आपल्या ओट्यावर, परात मांडीवर, पण कोळंबी सोलत नव्हती. पुंडलिकने नाव दिलं, शब्द दिला. बडोद्याने ठेवलं.

फोन वाजला. आळी गप्प. एक. दोन. तीन. तिसरीनंतर वत्सला अर्धी उठली. चौथी वाजली, तशी जानूबाईची मान, खांदे, सगळं अंग फोनकडे निघालं. "आये, हात!" पुंडलिक ओरडला. नलूने दाबून धरली. आणि पाचवी.

मोडेमने उचलला. किंचाळ्या इकडून, किंचाळ्या तिकडून. पडद्यावर आलं: कनेक्ट. खाली स्वच्छ हिरवी अक्षरं, कचरा नाही, तोतरेपणा नाही. पुंडलिक ड्रमांचे आकडे भरायला लागला. एक आकडा चुकला, तो खोडून पुन्हा भरला.

"ही पाचवी कुनाची रे?" जानूबाईने हात मोकळे करत विचारलं.

"बडोद्याची, आये."

बिस्तरा बांधायची वेळ आली नाही. पण सगळं सुखाने चाललंय असं समजू नका. पाऊस पडला की तारेत खरखर येते आणि पडद्यावर पुन्हा उंदीर पळतात. एक्स्चेंजमध्ये कोणी काही हलवलं की नो डायलटोन. मग पुंडलिक मोडेमला थापट्या मारतो, पुस्तिका आपटतो, "आये, हात!" म्हणून ओरडतो, आणि मी खिडकीतून बडोदेवालीची तब्येत विचारतो. रोज चारच्या सुमारास त्या घरात कोणी ना कोणी चिडलेलं असतंच.

वत्सला मात्र फोन वाजला की ओट्यावरून मोठ्याने मोजते. तिसरीला तिचा हात थांबतो. चौथी वाजली की श्वास सोडते. आणि पाचवी झाली की परातीकडे बघतच म्हणते, "भावजी, तुमचा हाय," आणि कोळंबी सोलायला लागते.